'चार पुरुषार्थ' आणि राजसत्ता

साने गुरुजींचा 'भारतीय संस्कृती' हा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील 'चार पुरुषार्थ' हे प्रकरण आजही पुन्हा वाचण्याजोगे आहे. कारण मनुष्याच्या सर्वांगीण विकासाचा विचार आपल्याकडे बहुधा एकांगीपणानेच होतो. धर्माभिमानी मोक्षाकडे बोट दाखवितात, सुधारक भाकरीकडे. गुरुजी अर्थ व काम यांनाही पुरुषार्थाचा मान देतात. मात्र त्यांस धर्माची मर्यादा घालतात. संसाराला तुच्छ न लेखणारी ही दृष्टी हेच या प्रकरणाचे मोल होय.

परंतु ती मर्यादा पाळली जाते की नाही, हे पाहावयाचे कोणी? अद्वैतापासून मृत्यूपर्यंत अनेक विषयांना ग्रंथात स्वतंत्र प्रकरणे आहेत; राजसंस्थेला मात्र नाही. हृदय पालटले की समाज पालटेल, ही श्रद्धा सर्वत्र जाणवते. वास्तविक गुरुजी व्यवहाराला अपरिचित नव्हते. १९२४ ते १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. आमच्या भुसावळाहून तापीपलीकडे असलेल्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यासाठीही ते राबले. त्या अधिवेशनात शेतकऱ्याच्या खंडाचा नि कर्जाचा प्रश्न पुढे आलाच होता. सावकाराच्या वहीतील आकडा कीर्तनाने कमी होत नाही. त्यास कायदाच लागतो.

उलटपक्षी, केवळ कायद्यावर विसंबणाऱ्यांनी पंढरपूर आठवावे. मुखाने अद्वैत बोलून आचरणात शिवाशिव पाळणाऱ्यांवर गुरुजींनी ग्रंथात कोरडे ओढलेच होते. पुढे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले. सुमारे दहा दिवसांनी दार उघडण्याचे मान्य झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला; १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यताच नष्ट केली. उपोषणाने मिळालेला प्रवेश दुसऱ्याच्या मर्जीवर राहिला असता. कायद्याने तो हक्क झाला. पण रांगेत शेजारी उभ्या असलेल्यास बंधू मानावयास कोणते कलम लावणार?

शासनाने अन्न, विद्या व न्याय यांची हमी द्यावी, अंतःकरणावर हुकमत गाजवू नये. धर्माने अंतःकरण घडवावे, कोणाचा हक्क अडवू नये, असे आमचे मत आहे. ग्रंथात ही वाटणी स्पष्ट झालेली नाही. म्हणून हे प्रकरण वाचणाऱ्याने ग्रंथकाराचे पंढरपूरचे कार्यही त्याच्या जोडीला ठेवून वाचावे.