सही त्याची, वसुली दुसऱ्याची

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी खऱ्या वाटतात : एक शिल्लक आणि दुसरी सही. बाकी सगळी माया. आमच्या पाटोद्यात माणसाच्या नावाचं स्पेलिंग दर कागदावर बदलतं, ते आम्ही खपवून घेतो. पण सही बदलली की चेक परत. एखादे गुरुजी काउंटरपुढे उभे राहून, "अहो, मी स्वतः समोर उभा आहे ना!" म्हणून ओरडतात आणि आम्ही शांतपणे सांगतो, "गुरुजी, तुम्ही जुळताय हो, सही जुळत नाहीये."

मी स्वतः दिवसाकाठी शे-दीडशे सह्या ठोकतो. त्यांच्यासाठी आजवर एकाही कॉलेजकन्यकेने माझ्यापुढे वही धरलेली नाही. पुढे येतं ते पासबुक. आणि हल्ली तेही मशीनच भरतं. त्यामुळे कुणाच्या नुसत्या सहीचे पैसे होतात असं वाचलं, की माझ्यातला बी.कॉम. खडबडून जागा होतो.

असे पैसे होतात अमेरिकेत. तिथल्या कॉलेजांचा फुटबॉल (ज्यात पाय कमी आणि हातच जास्त चालतात) बघायला एकेका मैदानात लाखभर माणूस जमतं. २०१३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या जॉनी मँझेलवर आळ आला, की पठ्ठ्याने सह्या करून दलालांकडून पैसे घेतले. एनसीएए नावाची तिथली खेळसंस्था चौकशीला बसली. पैसे घेतल्याचा पुरावा काही मिळाला नाही. तरी नियमभंग झालाच म्हणून एका सामन्याचा पूर्वार्ध त्याला बाहेर बसवलं. अर्ध्या संशयाला अर्धा सामना! असा चोख हिशेब आमच्या हेडऑफिसलाही जमणार नाही. पुढच्याच वर्षी जॉर्जिया विद्यापीठाच्या टॉड गर्लीने सह्या आणि तत्सम वस्तूंपायी दोन वर्षांत तीन हजारांहून अधिक डॉलर घेतल्याचं ठरलं. तो चार सामने बाहेर.

का? तर म्हणे विद्यार्थी हा हौशी खेळाडू. त्याने शिष्यवृत्ती घ्यावी, पण स्वतःच्या नावावर छदाम मिळवू नये. तत्त्व मोठं सोज्वळ आहे. फक्त ते एकट्या पोरालाच लागू होतं. तिकिटांचे पैसे कॉलेजला, टीव्हीचे पैसे संस्थेला, प्रशिक्षकाला लाखो डॉलर पगार; हौस तेवढी पोराची! मँझेलचं प्रकरण तापलेलं असताना जे बिलास नावाच्या समालोचकाने एनसीएएच्याच ऑनलाइन दुकानात 'मँझेल' हा शब्द टाकून पाहिला. त्याच्या २ नंबरचे शर्ट विकायला हजर! बोभाटा झाल्यावर संस्थेने ती विक्री आवरती घेतली.

हे सगळं मी ऊसतोडीला निघालेल्या एका मामांना काउंटरवरून समजावून सांगितलं. खातं बंद पडू नये म्हणून अंगठा द्यायला आले होते. मामा म्हणाले, "म्हंजी सायेब, ऊस आमी तोडायचा, अन् साखरंला हात लावला की चोर बी आमीच. मंग ह्यात नवं काय हाये?"

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला हे कळायला बराच वेळ लागला.

आमच्याकडे जत्रेच्या फडात हा घोळ कधीच नव्हता. बारक्या पोरांची कुस्ती रेवड्यांवर, मग शे-दोनशेवर, आणि शेवटची मोठ्या इनामावर. आकडा हलगीच्या तालात सगळ्यांसमक्ष पुकारतात. पैलवानाने इनाम घेतलं म्हणून त्याची कुस्ती बाटली, असं म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात जन्मलेला नाही. कारण खुराक हौसेवर मिळत नाही. दूध, तूप, बदाम हे सगळे रोखीचे व्यवहार आहेत. याच पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेचं कांस्य घेऊन आला. ते शरीर काय आशीर्वादावर पोसलं होतं?

आणि खाशाबा जाधव! १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी काय केलं? कुस्त्या लावल्या, जिंकल्या आणि त्या पैशातून कर्ज फेडलं. बँकवाल्याच्या नजरेने पाहिलं, तर त्या पदकाइतकीच ही परतफेडही मोठी. पण हौशीपणाचे सोवळे रखवालदार तिथे असते तर? त्यांनी जिम थॉर्पचं काय केलं ते पाहा. १९१२ साली स्टॉकहोममध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली आणि पूर्वी किरकोळ पैशावर बेसबॉल खेळला म्हणून पुढच्या वर्षी ती काढून घेतली. परत केली १९८३ साली, त्याला जाऊन तीस वर्षं झाल्यावर!

कुणी म्हणेल, पैशाने खेळ नासतो. नासतो ना, पण उघड घेतलेल्या पैशाने नाही. आधी ठरवून पडतात त्या नुरा कुस्तीचं इनाम वेगळं आणि स्वतःच्या नावाचं मोल वेगळं. पहिल्यात प्रेक्षकाची फसवणूक आहे, दुसऱ्यात कुणाचीच नाही. आणि सही विकणं पापच असेल, तर गांधीजींचं काय? तेही सहीचे पाच रुपये घेत, हरिजन फंडासाठी. उघड घेत आणि हिशेब ठेवत.

अखेर २०२१ च्या १ जुलैपासून अमेरिकी विद्यार्थ्यांना आपल्या नावावर कमवायची मोकळीक मिळाली. २०२५ पासून तर कॉलेजंच त्यांना पैसे देऊ लागली. कालचा गुन्हा आज धंदा झाला. फक्त ज्यांचे सामने बुडाले त्यांचे ते कुणी व्याजासकट परत केले नाहीत.

पण अमेरिकेला हसताना आपला चौक विसरू नये. आपलं पोर पदक आणतं तेव्हा रातोरात फ्लेक्स लागतो. त्यावर मधोमध शुभेच्छुक आणि खालच्या कोपऱ्यात, स्टॅम्पएवढा, पदकवाला. मग सत्कार. त्यात शाल, श्रीफळ आणि दीड तास भाषणं. नारळ फोडून खाल्ला तरी खुराकाचा महिना निघत नाही आणि शाल विकता येत नाही, कारण लोक काय म्हणतील! म्हणजे नाव त्याचं वापरायचं आणि पैशाची गोष्ट त्याने काढली की "पोरगं बिघडलं." हा एनसीएएचाच नियम झाला; आपण त्याला फक्त हार घातला आहे.

तेव्हा विनंती एवढीच. ज्याला खेळाडूचं नाव, फोटो किंवा सही वापरायची असेल, त्याने त्याच्या खात्यावर रक्कम भरावी. स्लिपा काउंटरवर आहेत. पावतीवर सही मी करीन, आणि तिचे काहीही लागणार नाहीत.