एका संगणकात दोन बिऱ्हाडे

विंडोज असलेल्या संगणकावर लिनक्सही बसवता येते आणि संगणक सुरू करताना हवी ती प्रणाली निवडता येते. यालाच ड्युअल बूट म्हणतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. जुने संगणक असलेल्या शाळांना तेव्हापासून हा मार्ग जवळचा वाटला तर नवल नाही.

उबुंटूचा इन्स्टॉलर हे काम फार सोपे करून दाखवतो. ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा पर्याय निवडायचा, पट्टी सरकवून कोणाला किती जागा ते ठरवायचे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर तो आधीच थांबून तसे सांगतो; याचे श्रेय द्यायला हवे. आमचा आक्षेप वेगळा आहे. प्रश्न फक्त जागेच्या वाटणीचा आहे, असा समज हा पडदा करून देतो. वाड्यात दोन बिऱ्हाडे आली की भांडणे खोल्यांवरून होत नाहीत. नळावरून आणि दिंडीदरवाजावरून होतात.

घड्याळाचेच पाहा. संगणक बंद असतानाही आतील बॅटरीवर एक छोटे घड्याळ चालू असते. विंडोज त्यातील वेळ स्थानिक मानते (डॉसच्या काळापासूनची ही सवय). लिनक्स मात्र सहसा त्यात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, ठेवते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. समजा, सकाळी दहाला लिनक्सवर तास झाला. आतील घड्याळात नोंद झाली साडेचारची. अकरा वाजता विंडोज सुरू केले, तर पडद्यावर साडेपाच! इंटरनेट असेल तर चूक यथावकाश सुधारते. नसेल तर फायलींवर पहाटेच्या वेळा पडत राहतात. बॅटरी बदलून काही होत नाही. वर्गाला मात्र ही पर्वणीच: फरक नेमका साडेपाच तासांचाच का, हे विचारा आणि मुलांना ८२.५ ला १५ ने भागू द्या.

दुसरी अडचण फास्ट स्टार्टअपची. विंडोज ‘बंद’ केले तरी ते आपली काही स्थिती डिस्कवर लिहून झोपी गेलेले असते. अशा विभागातील फायली लिनक्स वाचू देते, पण त्यात लिहू देत नाही. हा हट्ट योग्यच आहे.

दिंडीदरवाजाचा प्रसंग अधिक गंभीर. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा-सुधारणेनंतर अनेक संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. जुने, सदोष बूटलोडर अडवण्याचा हेतू रास्त होता. ड्युअल बूट असेल तिथे हे बंधन लागणार नाही, असेही मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. पण काही ठिकाणी दुसऱ्या बिऱ्हाडाची ओळखच पटली नाही. पूर्ण दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. घरात आपण एकटेच आहोत असे धरून चालणे हा विंडोजचा जुना दोष, आणि आमच्या मते मुख्य दोष तोच.

इन्स्टॉलरच्या त्या पट्टीखाली या तीन गोष्टींसाठी तीन ओळी सहज मावल्या असत्या. तूर्त फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी, फास्ट स्टार्टअप बंद करावे आणि लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगावे. तसे करताना लिनक्स इशारा देते. तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळे पुढे करणाऱ्या देशांसाठी आणि वेळक्षेत्र बदलणाऱ्यांसाठी आहे. एकाच जागी राहणाऱ्या शाळेच्या संगणकाने तो फारसा मनावर घेऊ नये.