बोर्निओच्या तलवारींची ओळख : शेल्फर्ड ह्यांच्या वर्गीकरणाचा पुनर्विचार

बोर्निओतील शस्त्रांविषयी लिहिणारा अभ्यासक आजही रॉबर्ट शेल्फर्ड ह्यांच्या १९०१ सालच्या निबंधापासूनच आरंभ करतो, आणि ते योग्यही आहे. शेल्फर्ड हे त्या काळी कुचिंग येथील सारावाक संग्रहालयाचे अभिरक्षक होते. सारावाकमधील जमातींच्या तलवारींचे त्यांनी केलेले वर्गीकरण प्रत्यक्ष नमुन्यांवर आधारलेले होते आणि शीर्षकातच त्यांनी त्यास 'तात्पुरते' म्हटले होते. पुढील संग्राहकांनी हे विशेषण गाळले व कोष्टक तेवढे ठेवले. पारांग इलांग कायानांची, न्याबोर सागरी डायाकांची (म्हणजे इबानांची), पांदात भू-डायाकांची (म्हणजे बिदायुहांची), पाकायुन मुरुतांची, अशी एकेका जमातीस एकेक तलवार वाटून देण्याची जी रीत त्यातून रूढ झाली, तिचाच येथे विचार करावयाचा आहे.

पांदातच्या बाबतीत ही रीत बरीचशी निभावते. तिला निराळी मूठ अशी नसतेच. पात्याचाच लोखंडी दांडा कोनात वळलेला असतो आणि त्यातून एक आडवी पट्टी आरपार गेलेली असते. अशी वस्तू एकदा पाहिली की विसरत नाही. खरी अडचण पारांग इलांगपाशी सुरू होते. हिलाच कायान 'मालात', केन्या 'बाइंग' आणि कालिमांतानात 'मांदाउ' म्हणतात. म्हणजे नावावरून फार तर बोलणारा कोण हे कळते, घडविणारा कोण हे नव्हे. तिची निश्चित खूण पात्याच्या छेदात आहे. पात्याची एक बाजू फुगीर व दुसरी किंचित खोलगट असते, आणि डावखुऱ्या माणसाकरिता हीच रचना उलट केलेली असते. न्याबोरमध्ये ही विषमता नाही. तिचे पाते वक्र असून मुठीलगत बोटाच्या रक्षणार्थ पुढे आलेले टोक असते, त्यास 'कुंदियेंग' म्हणतात. जिंपुल ही तर ह्या दोन्ही परंपरांच्या संकरातून झाली असे सामान्यतः मानले जाते. तिला कोष्टकाच्या कोणत्या रकान्यात घालावे?

येथे एक साधी गोष्ट दृष्टिआड होते. पात्याचा दांडा मुठीत राळेने बसविलेला असतो. राळ तापविली की मूठ निघते. कायान व केन्या लोहारांची पाती देवघेवीत वा लुटीत दुसरीकडे गेली, तेथे त्यांना हरणाच्या शिंगाची नवी मूठ व नवे लाकडी म्यान मिळाले, हे मुळीच असंभाव्य नाही. म्हणून मुठीवरील कोरीवकाम, केसांचे झुबके किंवा म्यानावरील वेताची बांधणी ह्यांवरून संपूर्ण तलवारीचे गोत्र ठरविणे धाडसाचे होय. प्रथम पात्याचा छेद पाहावा, नंतर सांधा, मग मूठ व म्यान स्वतंत्रपणे तपासावे; नाव शेवटी द्यावे. संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर मात्र नावच प्रथम येते आणि पुष्कळदा तेवढेच असते.

अलंकरणाविषयीही सावध राहिले पाहिजे. १८९४ साली तुंबांग आनोई येथील सभेत मुंडकी मारण्याची प्रथा सोडण्याचे ठरले. त्यानंतरही मांदाउ घडतच राहिली, पण नृत्यासाठी, भेटीसाठी व पुढे विक्रीसाठी. अशा अनेक नमुन्यांत नक्षी भरपूर असते. पाते मात्र दोन्ही बाजूंनी सपाट असते.