माळाचा इतिहास सांगणारे परागकण

सोलापूरजवळच्या नान्नजचा गवताळ माळ पाहिला, की ‘पूर्वी येथे दाट जंगल होते, माणसाने ते तोडले’ असे आपण विद्यार्थ्यांना सहज सांगून जातो. या समजुतीला धक्का देणारा शोधनिबंध रीडेल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याचे मोल तपासून पाहण्याजोगे आहे.

अभ्यास बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळाचा आहे. परागकणाचे बाह्यकवच फार चिवट असते. गाळात गाडलेले कण हजारो वर्षे टिकतात. थराचे वय ठरवून त्यातील कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले व मोजले, की त्या काळच्या वनस्पतींचा अंदाज येतो. निष्कर्ष असा : गेल्या सुमारे ६,००० वर्षांत मोसमी पाऊस क्षीण होत गेला, जंगल मागे हटले व विरळ झाडांचे माळ पसरले. शेती आली ती त्यानंतर.

निबंधाची जमेची बाजू म्हणजे तो केवळ परागकणांवर विसंबत नाही. पाऊस, वणवे व मानवी हस्तक्षेप यांच्या खुणाही त्याच गाळात शोधून एकमेकींशी ताडल्या आहेत. म्हणूनच कुऱ्हाड किंवा वणवा नव्हे, तर पाऊस हे मूळ कारण, हा युक्तिवाद पटतो.

मात्र आता शंकेला जागाच उरली नाही, हा लेखकांचा सूर मान्य होत नाही. गवताचे पराग वाऱ्यावर मुबलक उडतात. बाभळीचे पराग गुच्छाने चिकटलेले असतात आणि दूर जात नाहीत. त्यामुळे गाळातील कणांचे प्रमाण म्हणजे रानातील झाडांचे प्रमाण नव्हे. शिवाय लोणार सोलापूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. सोलापूर जिल्ह्यात पाऊस त्याहून कमी, म्हणून येथील माळही नैसर्गिक असण्याचा संभव मोठा. पण ते अनुमान आहे, पुरावा नव्हे.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नज परिसरात अभयारण्य झाले. हा पक्षी उघड्या माळावर राहणारा. तेथे दाट झाडी वाढवली, तर त्याचे घरच मोडते. म्हणून वृक्षारोपणासाठी मुलांना माळावर नेण्यापूर्वी शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : येथे जंगल होते, हे आपल्याला कशावरून कळले?