पोलादावर गोल फिरणारी लढाई

टेक्सासमधल्या वेको शहरात, ब्राझोस नदीकाठी, टेक्सास रेंजर्स या पोलीस दलाचं संग्रहालय आहे. टेक्सासात वसाहत वसवणाऱ्या स्टीफन ऑस्टिनने १८२३ मध्ये तिच्या राखणीसाठी दहा माणसं नेमायचं ठरवलं. हे दल आपली वंशावळ तिथपासून मोजतं. संग्रहालय मात्र १९६८ चं. इथली सगळी हत्यारं बघत सुटलात तर दमाल. दोन-तीनच निवडावीत आणि काचेला नाक लावून पाहावीत.

आधी कोल्टचं पॅटरसन रिव्हॉल्व्हर. पाच बारांचं, अंगाने शेलाटं. चाप दिसत नाही म्हणून बावरू नका. मागचा खटका ओढला की चाप पोटातून अलगद खाली उतरतो. खटका चढेपर्यंत हत्याराची खालची रेघ अखंड राहते. सराफाने करावी अशी ही कारागिरी. पण पुन्हा बार भरायचे तर नळी सुटी करावी लागे, आणि ते करायचं कुठे, तर घोड्यावर! तरीही जून १८४४ मध्ये जॅक हेजच्या मूठभर रेंजर्सनी याच रिव्हॉल्व्हरच्या जोरावर कोमांची जमातीच्या घोडेस्वारांना मागे रेटलं.

त्या चकमकीत भाल्याने जखमी झालेल्या सॅम्युअल वॉकरने पुढे कोल्टला सुधारणा सुचवल्या. त्यांतून १८४७ चं ‘वॉकर’ घडलं: सहा बार, नऊ इंची नळी, चापाभोवती कडी, बार ठासायची दांडी नळीखालीच जोडलेली, वजन दोन किलोंच्या आसपास. कंबरेला लटकवायचं हे काम नव्हे. ते खोगिराला बांधलेल्या म्यानात राहत असे. पॅटरसनचं लालित्य इथे संपलं, पण प्रत्येक बोजड भागामागे कुणीतरी सोसलेली अडचण आहे, आणि ते हत्यार पाहताच कळतं.

आता वॉकरच्या सिलिंडरकडे, म्हणजे बार भरायच्या फिरत्या दंडगोलाकडे या. नोटांचे साचे कोरणाऱ्या वॉटरमन ऑर्म्सबीने त्यावर तीच १८४४ ची चकमक उतरवली आहे. चित्र प्रत्येक सिलिंडरवर हाताने कोरलेलं नाही. रांगोळीची नक्षीदार नळी जमिनीवरून फिरवली की वेलबुट्टी उमटते, तसा ऑर्म्सबीचा साचा पोलादावर दाबून फिरवलेला. खोली केसाएवढी. म्हणून खूप हाताळलेल्या नगांवर चित्र झिजून जातं. रेषा शाबूत असलेला नग दर्दी लोक जपून ठेवतात. गंमत अशी की चकमक गाजवली पॅटरसनने आणि मिरवतं आहे वॉकर. माझी दाद मात्र आकाराला. रेंजर पाठलाग करताहेत, कोमांची पळताहेत. पण दंडगोलावर चित्राला कडा कुठली? सांध्याकडे काणाडोळा केला तर पळणारे वळसा घालून पाठलाग करणाऱ्यांच्याच मागे येतात. शिवाय दर बाराला सिलिंडर एक षष्ठांश फिरतं, म्हणजे गोळी झाडणारा स्वतःच लढाई पुढे सरकवतो. ऑर्म्सबीच्या मनात हे असो-नसो, चीज झालं आहे.

सॅम्युअल वॉकरला आपलं हत्यार वापरण्याचं सुख फार लाभलं नाही. ऑक्टोबर १८४७ मध्ये मेक्सिकोतल्या वामांतला इथे तो मारला गेला.

याच संग्रहालयातल्या, दरोडेखोर बॉनी आणि क्लाइडच्या बंदुकांपाशी रेंगाळावं असं मला वाटत नाही. त्यांचं मोल त्या कुणाच्या होत्या यात, घडणीत नाही.

सिलिंडरवर पळणाऱ्यांच्या पाठी कोरणारी कला बघताना पोर्वेनीरही आठवायला हवं. २८ जानेवारी १९१८ रोजी मेक्सिकोच्या सीमेवरच्या त्या वस्तीत पंधरा निःशस्त्र मेक्सिकनवंशीय पुरुष आणि मुलगे गोळ्या घालून मारले गेले. मारणाऱ्यांत रेंजर होते. पुढच्याच वर्षी आमदार होसे कनालेस यांनी दलाच्या वर्तनाची चौकशी घडवून आणली. सिलिंडरवर अशा कहाणीला जागा नसते.

शेवटी बिल्ला पाहा. चाकासारख्या कड्यात पंचकोनी तारा, बाकी सगळं कोरून काढलेलं. मूळ धातू मेक्सिकोचं पाच पेसोंचं चांदीचं नाणं. ज्या देशाशी झुंजत दल वाढलं, त्याचीच टांकसाळ छातीवर! कारागिराने नाण्याची मागची बाजू घासून गुळगुळीत केलेली नाही. बिल्ला उलटला की मेक्सिकोचा मूळ ठसा ताऱ्याच्या आकारात कातरलेला दिसतो. १९६२ पासून हाच अधिकृत बिल्ला आहे. रेंजर्सच्या एफ कंपनीचं कार्यालय याच आवारात आहे, आणि तिथले अधिकारी आजही तो लावून कामावर येतात.