‘माइंड’ आणि ‘गाइस्ट’ : अनेकार्थतेचे भाषांतर

अनेकार्थी शब्दाच्या भाषांतराचा प्रश्न सामान्यतः निवडीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. मूळ शब्दाचे जे अर्थ कोशात नोंदलेले असतात त्यांपैकी प्रस्तुत संदर्भात कोणता अभिप्रेत आहे हे ठरवावे आणि त्या अर्थाचा वाचक असा लक्ष्यभाषेतील शब्द योजावा, एवढीच भाषांतरकाराची जबाबदारी मानली जाते. व्यवहारातील लेखनापुरती ही भूमिका बव्हंशी पुरेशी ठरते. परंतु एखाद्या ग्रंथाचा विषयच तो अनेकार्थी शब्द असेल आणि ग्रंथातील युक्तिवाद त्या शब्दाच्या एकत्वावर उभा असेल, तर ही भूमिका अपुरी पडते. इंग्रजीतील ‘माइंड’ या शब्दाची जर्मन भाषेत जी वाटणी होते, ती या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

इंग्रजीत मत बदलणे, निश्चय करणे, भान सुटणे, एखादी गोष्ट आठवणे या सर्व व्यापारांसाठी ‘माइंड’ हे एकच नाम वापरले जाते. हाच शब्द क्रियापद म्हणून आला की लक्ष देणे, सांभाळणे, हरकत घेणे असे अर्थ व्यक्त करतो. जर्मन भाषेत या एका शब्दाच्या जागी अनेक शब्द येतात. बदलते ती ‘मायनुंग’ म्हणजे मत. हरपतो तो ‘फेरश्टांड’ म्हणजे बुद्धी. एखादा बेत असतो तो ‘झिन’मध्ये. क्रियापदाच्या अर्थांसाठी तर या नामांशी व्युत्पत्तीचा संबंध नसलेली वेगळीच क्रियापदे योजावी लागतात. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतही ही विभागणी टळत नाही. शरीर आणि मन यांच्या संबंधाचा जो प्रश्न आहे त्याला जर्मन परंपरा ‘लाइप-झेले-प्रॉब्लेम’ म्हणते. तेथे ‘माइंड’च्या जागी आत्मावाचक ‘झेले’ हा शब्द येतो. मात्र ज्या ज्ञानशाखेत या प्रश्नाची चर्चा होते तिचे जर्मन नाव ‘फिलोझोफी डेस गाइस्टेस’ असे आहे. म्हणजे शाखेचे नाव एका शब्दावर आणि तिच्यातील मध्यवर्ती प्रश्नाचे नाव दुसऱ्या शब्दावर बेतलेले आहे.

या पार्श्वभूमीवर गिल्बर्ट राइल यांच्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ (1949) या ग्रंथाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. त्याचे कुर्ट बायर यांनी केलेले जर्मन भाषांतर ‘डेर बेग्रिफ डेस गाइस्टेस’ या नावाने 1969 मध्ये प्रसिद्ध झाले. मन ही शरीराच्या आत वसणारी स्वतंत्र वस्तू आहे असे मानणे हा कोटिप्रमाद आहे, असा राइल यांचा सिद्धान्त आहे. देकार्तप्रणीत द्वैताची संभावना ते ‘यंत्रातील भूत’ या शब्दांत करतात. या शब्दसंहतीतील उपरोध इंग्रजीच्या एका वैशिष्ट्यावर अवलंबून आहे. इंग्रजीत ‘माइंड’ आणि भूतवाचक ‘गोस्ट’ हे परस्परांपासून दूरचे शब्द आहेत. म्हणूनच त्यांना एकत्र आणताच वाचक दचकतो.

जर्मनमध्ये मात्र हे अंतर मुळातच नाही. ‘गाइस्ट’ हा शब्द बुद्धीचा वाचक आहे, ख्रिस्ती त्रैक्यातील पवित्र आत्म्याचा वाचक आहे आणि भुताचाही वाचक आहे. जे भूत ग्रंथात उतरवायचे ते ग्रंथाच्या शीर्षकातच येऊन बसते. भाषांतरात भुतासाठी ‘गेश्पेन्स्ट’ हा वेगळा शब्द योजून ‘गाइस्ट’पासूनचे अंतर राखलेले आहे. ही निवड उचितच म्हणावी लागेल. परंतु तिच्यामुळे लक्ष्यभाषेतील शब्दाचे स्वतःचे अर्थवलय पुसले जात नाही. मूळ शब्दाचे काही अर्थ गळून पडतात ही भाषांतराची एक बाजू झाली. लक्ष्यभाषेतील शब्द आपली स्वतःची अनेकार्थता घेऊन येतो आणि ती मूळ युक्तिवादाच्या विरुद्धही जाऊ शकते, ही दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे.

येथे एक मूलगामी आक्षेप उपस्थित होतो. राइल यांची पद्धती सामान्य भाषेच्या विश्लेषणाची आहे. अवधानाच्या संकल्पनांचा विचार करताना ते ‘माइंड’च्या क्रियापदरूपाचाही आधार घेतात, आणि ‘माइंड’ म्हणजे वस्तू नव्हे, तर वागण्याची एक रीत, या प्रतिपादनाला त्या रूपातून सहज पुष्टी मिळते. ‘गाइस्ट’ या नामाला असे क्रियापद नाही. मग राइल यांनी खंडन केले ते देकार्तच्या मताचे, की केवळ एका इंग्रजी शब्दाच्या चुकीच्या आकलनाचे?

या आक्षेपाचे उत्तर भाषांतरातूनच मिळते. कोटिप्रमादाचा युक्तिवाद जर्मनमध्ये अबाधित राहतो. महाविद्यालये, ग्रंथालये पाहून झाल्यावर ‘पण विद्यापीठ कोठे आहे?’ असे विचारणाऱ्या पाहुण्याचा राइल यांचा दृष्टान्त कोणत्याही भाषेत तितकाच समर्पक आहे. क्रियापदातून मिळणारी पुष्टी मात्र जर्मनमध्ये दुबळी होते. भाषांतर अशा रीतीने युक्तिवादातील सार्वत्रिक अंश आणि भाषासापेक्ष अंश वेगळे करून दाखविते. शिवाय देकार्तच्या लॅटिन चिंतनांच्या 1647 च्या फ्रेंच अनुवादात ‘मेन्स’साठी ‘एस्प्री’ हा शब्द आला, आणि त्यालाही मन व भूत असे दोन्ही अर्थ आहेत. राइल यांना जे नाते रूपकाने जोडावे लागले ते फ्रेंच आणि जर्मन भाषांच्या शब्दसंग्रहातच होते.

उलट दिशेचा प्रवासही हेच सांगतो. हेगेलच्या 1807 च्या ग्रंथाच्या शीर्षकातील ‘गाइस्ट’साठी बेली यांनी 1910 मध्ये ‘माइंड’ योजला, तर मिलर यांनी 1977 मध्ये ‘स्पिरिट’. पहिल्या पर्यायात इतिहासातून प्रकटणारे समष्टिरूप चैतन्य आक्रसून व्यक्तीच्या मनापुरते उरते. दुसऱ्यात ज्ञानव्यापारावरील भर मंदावतो. मराठीत ‘मन’ हा पर्याय स्वीकारणाऱ्यानेही सावध राहावयास हवे; कारण न्याय आणि सांख्य दर्शनांत मन हे ज्ञाता नसून अंतरिंद्रिय आहे.

तात्पर्य, अनेकार्थी शब्दाचा प्रतिशब्द ठरविताना कोणते अर्थ निसटले याची मोजदाद पुरेशी नाही. त्या अर्थांमधील कोणत्या नात्यावर लेखकाचा युक्तिवाद उभा होता, आणि नव्या शब्दाने कोणते नाते त्याच्यावर लादले, हे समीक्षेने विचारावयास हवे.