मागचं सगळं धूसर

जून उजाडला की माझ्या इन्स्टाग्रामवर नवरंग उतरतो. वेताळ टेकडीवरचा. मान किंचित वळलेली, डोळ्यात प्रकाशाचा ठिपका, मागे मऊ हिरवा धूर. फोटो वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. उलट तो इतका सफाईदार आहे की त्यात टेकडी उरतच नाही. हाच फोटो कर्नाळ्यात काढला असता तर काय वेगळं दिसलं असतं?

मोठ्या लेन्सनं मागचं धूसर होणारच, मान्य. पण कुठे उभं राहायचं आणि फ्रेम कुठे कापायची, हे आपण ठरवतो. त्या नवरंगामागे खरं तर काय असतं? बंद पडलेली दगडाची खाण, लागवडीतलं गिरिपुष्प, झाडांवरून डोकावणाऱ्या इमारती. यातलं काही दिसलं तर फोटो 'बिघडतो', असं आपल्याला कुणी शिकवलं?

गिरिपुष्पाचं तर वेगळंच. उन्हाळ्याच्या तोंडावर ते गुलाबी होतं आणि 'पुण्याचा चेरी ब्लॉसम' म्हणून फिरतं. झाड मुळात मध्य अमेरिकेकडचं, झटपट वाढतं म्हणून आपल्या टेकड्यांवर लावलेलं. ग्लिरिसिडिया या नावाचा अर्थच उंदीरमार. फोटोत मात्र ते निसर्ग होऊन बसतं. आणि पहिल्या पावसात गवतातून वर येणारी काळी मुसळी? तिचं पिवळं फूल जमिनीला चिकटून असतं, बोटाच्या पेराएवढं. मॅक्रोमध्ये ते बशीएवढं दिसतं. ती कुठल्या गवतात, कुठल्या मुरमात उगवते, ते गायब.

किरण पुरंदरे यांच्या एका पुस्तकाचं नाव 'मुठेवरचा धोबी' आहे. मला ते नावच आवडतं. आधी नदी, मग पक्षी. पत्ता शीर्षकातच. आपल्या कॅप्शनमध्ये कॅमेऱ्याचं मॉडेल असतं, शटर स्पीड असतो, उतार नसतो. (घरट्याची जागा जाहीर करू नये, हे बरोबरच. पण टेकडीचं नाव, अधिवास, महिना लिहायला काय हरकत?) शिवाय तो चकचकीत फोटो मिळवायला काही जण मोबाईलवर नवरंगाची शीळ वाजवतात. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द राखायला धावत येतो, आणि समोर प्रतिस्पर्धी नसतोच.

हा फक्त आवडीनिवडीचा वाद नाही. बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ मध्ये पुणेकर मोर्चा काढून रस्त्यावर आले. या उतारावर कोण राहतं, असं कुणी विचारलं तर आपले हजारो सुंदर फोटो दाखवून काय सिद्ध होणार? नवरंग आहे. कुठे आहे, ते आपणच पुसलंय.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं साध्या फोनवर काढलेला फोटो मी जपून ठेवलाय. मुसळीचं फूल, शेजारी तिच्या चिखलानं माखलेल्या बुटाचं टोक, मागे खाणीचा कडा आणि त्यावर एक क्रेन. फूल वाऱ्यानं जरा हललंय.